एका खोलीतले तीन वर्ग

प्रिय चिऊ,



तू पाठवलेली यादी नीट वाचली. थोरलीसाठी अमेरिकेहून येणारी वर्षभराच्या पुस्तकांची पेटी, मधल्यासाठी दुसऱ्याच एका प्रकाशनाची, धाकटीसाठी मॉन्टेसरी साहित्याचा संच. शेवटी तिघांचं मिळून होणारं बिल, आणि त्याखाली तुझा प्रश्न: मावशी, यातलं कोणतं घेऊ? माझं उत्तर आहे, आत्ता कोणतंच घेऊ नकोस. का, ते सविस्तर लिहिते. मुलांना शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवणारी तू एकटी नाहीस. पुण्यात, ठाण्यात, तुमच्या नाशकात अशी घरं आता भेटतात आणि दोन-तीन मुलं असलेलं प्रत्येक घर याच प्रश्नावर अडतं. म्हणून हे पत्र तुझ्या मैत्रिणींनाही वाचायला दे.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळांत गेली, हे तुला माहीतच आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. एकजण केंद्राच्या बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चारही वर्ग दुसऱ्याकडे. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एका माणसानं एका छपराखाली कसं शिकवायचं, हा प्रश्न आमच्या खेड्यांतल्या गुरुजींनी आणि बाईंनी पिढ्यानपिढ्या सोडवला आहे. प्रशिक्षणात त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. आंध्रातल्या मदनपल्लीजवळ ऋषी व्हॅलीच्या लोकांनी आसपासच्या खेड्यांतल्या छोट्या शाळांसाठी याच कामाची एक सुंदर पद्धत बसवली आहे. तुझ्या घराला लागणारी विद्या तिथली आहे. तुझ्या घरी तीन मुलं आहेत आणि शिकवणारी तू एकटी. जावईबापू संध्याकाळी सातला येतात, त्यांना दुपारच्या हिशेबात धरू नकोस.

आता विषयांकडे बघ. काही विषय पायरीपायरीनं चढावे लागतात. हातच्याची वजाबाकी आल्याशिवाय भागाकार येत नाही, अपूर्णांक समजले नाहीत तर शतमान नुसतं पाठ होतं. वाचनाचंही तसंच. हे विषय ज्याचे त्याला स्वतंत्र हवेत. पण इतिहास, भूगोल, विज्ञान, गोष्टी, गाणी, चित्रं यांच्यात कुठूनही शिरता येतं. साडेपाच वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांची मुलगी एकच नदी बघू शकतात. तीन पेट्या घेतल्यास तर तुझ्या घरात तीन वेगळे इतिहास आणि तीन वेगळी विज्ञानं चालू होतील. एकीच्या टेबलावर इजिप्त, दुसऱ्याच्या टेबलावर रोमन सैनिक, आणि धाकटी दर पाच मिनिटांनी ‘आई, मी काय करू?’ म्हणत तुझ्या पदराशी. दिवाळीपर्यंत तू थकशील, आणि थकलेली आई मुलांवर चिडते. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते.

म्हणून आधी तिघांचं मिळून एक काय ते ठरव. तू नाशकात राहतेस, मग गोदावरी घे. तुला वाटेल की ही एका रविवारची सहल आहे. पण दोन-तीन महिने पुरेल एवढा अभ्यास या नदीत आहे. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर जा, उगम बघा. मग गंगापूर धरण, मग रामकुंड, आणि हिवाळ्यात निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर, जिथे कादवा गोदावरीला मिळते. रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. थंडीत तिथे दूरदेशीचे पक्षी उतरतात.

धाकटी काय करेल? पाण्यात काय तरंगतं, काय बुडतं ते बघेल, पक्षी मोजेल, दगड गोळा करून लहान-मोठे लावेल. तिचं तेवढं पुरे. मधला नकाशा काढेल. त्र्यंबक ते पैठण अंतर दोऱ्यानं मोजून प्रमाणावरून किलोमीटर काढेल, आणि नदीची एकूण लांबी 1465 किलोमीटर आहे म्हटल्यावर त्यातली आपण किती पाहिली याचा हिशेब त्याला आपणहून करावासा वाटेल. थोरलीपुढे खरा प्रश्न ठेव. नाशिक-नगरच्या धरणांतलं पाणी खाली जायकवाडीला सोडायचं की नाही, यावर दुष्काळाच्या वर्षी भांडण होतं. 2005 साली राज्यानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला आणि खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचा आधार त्यात आला. द्राक्षबागायतदाराचं म्हणणं काय, पैठणच्या खालच्या शेतकऱ्याचं काय, शहराच्या नळांचं काय? वर्तमानपत्रातली कात्रणं काढायची, टीएमसी म्हणजे किती पाणी ते समजून घ्यायचं आणि मग स्वतःचं मत दोन पानांत मांडायचं. सातवीतल्या मुलीला हे जमतं. गावातल्या पाण्यावरून ग्रामसभेत होणारी भांडणं माझी चौथीतली पोरं घरून ऐकून यायची आणि वर्गात बाजू घेऊन बोलायची.

इतिहासात तर राज्य मंडळाचा अभ्यासक्रम तुझ्या मदतीलाच आहे. चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात अख्खा शिवछत्रपतींचा इतिहास आहे आणि सातवीच्या इतिहासात मराठी सत्ता पुन्हा येते, जास्त खोलात. म्हणजे तुझी नऊ वर्षांची आणि बारा वर्षांची मुलं एकाच काळात वावरू शकतात. मोठ्यानं वाचायचं चौथीचं पुस्तक, ऐकणार तिघंही. नंतर थोरलीनं सभासदाच्या बखरीतला एखादा उतारा घेऊन बसावं. ती बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिली गेली. मग लिहिणारा कोण, कोणासाठी लिहितोय, किती वर्षांनी लिहितोय, हे प्रश्न तिला सुचतील. बागलाणातला साल्हेर तुमच्याच जिल्ह्यात, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. 1672 साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. धाकटीला तिथे वर नेऊ नकोस, ती चढाई तिच्या वयाची नाही. तिला पांडवलेणी दाखव. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरून ठेवला आहे. ब्राह्मी अक्षरं बघून वहीत उतरवायला पाच वर्षांच्या मुलांना फार आवडतं, त्यांना तशीही सगळीच अक्षरं नवी असतात.

वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं लिहून घेत बसू नकोस. इंग्लंडात शार्लट मेसन नावाच्या शिक्षिका होत्या, 1842 ते 1923 हा त्यांचा काळ. त्यांचं म्हणणं असं की चांगलं पुस्तक एकदाच लक्ष देऊन ऐकावं आणि मुलानं ते आपल्या शब्दांत सांगून दाखवावं. ही रीत तीन वयांच्या घराला फारच सोयीची आहे, कारण तयारी एकाच धड्याची करावी लागते. धाकटी चित्र काढून सांगते, मधला तोंडी सांगतो, थोरली लिहिते. आणि तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी टिपलेल्या असतात. हे तू स्वतः ऐकशील तेव्हा तुला कळेल की कोणाला काय पोचलं. वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही.

विज्ञानाला आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आण. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात असताना अरविंद गुप्तांनी या दोन वस्तूंतून जी खेळणी बनवली ती पुढे देशभर पोचली. नळीचे छोटे तुकडे कापून काड्या जोडायच्या. धाकटीचा त्रिकोण आणि चौकोन होतो. मधला घन आणि पिरॅमिड उभे करतो. थोरलीला विचार, चौकोन दाबला की तिरपा होतो, त्रिकोण का होत नाही? मग तिला पुलाच्या कैच्या दाखव. आम्ही शाळेच्या ओट्यावर हे करायचो तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा झालेली मुलांना ऐकू यायची नाही. पुस्तक हवंच असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘स्मॉल सायन्स’ मालिका बघ, तिसरी ते पाचवीची. निरीक्षण कसं करवून घ्यावं हे त्यातून तुलाही शिकायला मिळेल.

आता पायरीच्या विषयांकडे येते. इथे मात्र मी तुला इयत्ता विसरायला सांगणार आहे. तुझा मधला वयानं चौथीत आहे, म्हणून तू चौथीच्या गणिताची किंमत विचारलीस. तो खरोखर कुठे आहे हे आधी बघ. ‘प्रथम’ ही मुंबईत 1995 साली सुरू झालेली संस्था 2005 पासून ‘असर’ पाहणी करते. त्यातली तपासणी एका पानाची आहे आणि मराठीतही मिळते. वाचनात अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. प्रत्येक मुलाला पंधरा मिनिटं पुरतात. मूल जिथे अडेल तिथून सुरुवात. ‘प्रथम’नं वर्गाच्या भिंती बाजूला ठेवून मुलांना अशा पातळीप्रमाणे गटांत बसवलं, आणि पाचवीत असून वाचता न येणारी मुलं वाचायला लागली. चौथीच्या मुलांत मी स्वतः हे माझ्या वर्गात पाहिलं आहे.

मधला जर दुसरीच्या वजाबाकीपाशी अडला, तर त्याला दुसरीचं पुस्तक दे, आणि त्याला खाकी कव्हर घाल. वर नुसतं ‘गणित’ लिही. नऊ वर्षांच्या मुलाचा मान फार नाजूक असतो. धाकट्या बहिणीच्या समोर ‘हे दुसरीचं आहे’ असं एकदा जरी ऐकलं तरी तो गणिताचा राग करील. कव्हरच्या आत तो तीन महिन्यांत दुसरी-तिसरी ओलांडेल, कारण नऊ वर्षांचं डोकं सात वर्षांच्या डोक्यापेक्षा वेगानं जातं.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. मुलं इंग्रजी शाळेतून आलीत म्हणून तुला काळजी वाटते. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेव, शब्द दोन्हीकडचे कळू देत. धाकटीला मराठी अंक शिकवताना 2019 च्या दुसरीच्या पुस्तकातली सोय वापर. मंगलाताई नारळीकरांच्या समितीनं ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असं म्हणायची मुभा दिली होती आणि त्यावर केवढा गदारोळ झाला होता. माझ्या अनुभवात त्या बरोबर होत्या. ‘सव्वीस’मध्ये सहा आधी ऐकू येतात आणि मूल 62 लिहितं. आधी ‘वीस सहा’ म्हणू दे, मग ‘सव्वीस’ आपोआप बसतं. परदेशी पुस्तकांतलं एखादं घ्यायचंच असेल तर सिंगापूरच्या गणिताचं घे, आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे, हा क्रम त्यात चांगला सांभाळला आहे. अमेरिकेच्या पेटीतले इंच आणि सेंट मात्र तुझ्या मुलांना बाजारात उपयोगी पडणार नाहीत.

साडेपाच वर्षांच्या मुलीसाठी अभ्यासक्रम विकत घ्यायची मला अजिबात गरज वाटत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या गोट्या, पानं, बिया, शंख यांच्यावर. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे मूल जिथे आहे तिथे शाळा नेली. तुझ्या स्वयंपाकघरात डाळी निवडण्यापासून पोळ्या मोजण्यापर्यंत सगळं आहे. रोज एक गोष्ट, थोडी बडबडगीतं, भरपूर माती. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत एका भिंतीला काळा रंग देऊन तळफळा करून घे. आमच्या शाळांत तो असतो, आणि लहान मुलं फळ्यावर लिहायला मिळालं की वहीपेक्षा तिथेच जास्त लिहितात.

थोरलीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘ती धाकट्यांना शिकवेल, म्हणजे मलाही मदत होईल.’ चिऊ, हे वाक्य मी शाळेत फार वेगळ्या आवाजात ऐकलं आहे. चौथीतल्या हुशार मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन यायच्या. ते रडलं की उठून बाहेर जायच्या. अर्धा धडा तिथेच जायचा, आणि पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जायची वेळ आली की घरच्यांना त्यांची मदत आठवायची. मोठ्यानं लहान्याला सांगावं, त्यानं मोठ्याचंही पक्कं होतं, हे खरं आहे, आणि मिश्र वयाचे वर्ग मारिया मॉन्टेसरींनीही मुद्दाम ठेवले. पण ते थोडा वेळ असावं, तिच्या मनानं असावं. तिच्या गणिताचा आणि वाचनाचा तास दार लावून असू दे. त्या वेळात धाकटीला तू सांभाळ, नाहीतर जावईबापूंनी सकाळी जाण्याआधी सांभाळावं. घरी शिकणाऱ्या घरांत थोरल्या मुलीचा वेळ सगळ्यांचा होतो, आणि तिची तक्रार कोणी ऐकत नाही, कारण ती करत नाही.

तिच्या बाबतीत अभ्यासक्रम शेवटाकडून मागे ठरवायचा. तिला दहावी कुठून करायची? राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, 1989 साली सुरू झालं. तिथे दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, मराठी माध्यम आहे, पाच विषय, वर्षात दोनदा परीक्षा, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी. म्हणजे ती गणित आधी देऊ शकते, विज्ञान नंतर. राज्य मंडळाची दहावी द्यायची तर 17 नंबरचा फॉर्म आहे, तिथे सगळे विषय एका वेळी आणि शाळेतल्या मुलांच्याच प्रश्नपत्रिका. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आता पाचवी-आठवीच्या परीक्षा घेतं, सराव म्हणून आठवी देऊन बघायला हरकत नाही. माझा कौल एनआयओएसला, कारण तुझी मुलगी सावकाश आणि खोल वाचणारी आहे. पण तिला विचार. बारा वर्षांच्या मुलीला या दोन वाटा समजतात. एनआयओएसची पुस्तकं आधी डाउनलोड करून तिच्या हातात दे आणि आठवडाभर चाळू दे. त्यावरून पुढच्या दोन वर्षांत काय काय यायला हवं याची यादी तिनंच करावी.

कायद्याचंही सांगते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्याचं दहावं कलम म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पालकाला शिक्षेची तरतूद मात्र नाही, आणि घरच्या शिक्षणाला स्पष्ट परवानगीही नाही. हे मनात पक्कं ठेवून काम कर. शाळा सोडल्याचे दाखले, जन्मदाखले, आधार, सगळं एका फायलीत ठेव. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला शिक्षक दारात येतील, ती आमच्यासारखीच माणसं आहेत. त्यांना आत बोलाव, मुलांच्या वह्या दाखव. आणि चौथ्या कलमामुळे मुलांना कधीही वयाप्रमाणे योग्य वर्गात परत प्रवेश मिळू शकतो, हेही लक्षात असू दे. म्हणजे तुझा निर्णय एका वर्षासाठी घे, दर मार्चमध्ये पुन्हा विचार कर, आणि एखाद्या मुलाला शाळेत जावंसं वाटलं तर त्याला जाऊ दे. तिघांनी घरीच शिकलं पाहिजे असं काही नाही.

दिवस साधा ठेव. सकाळी परिपाठासारखं तिघं एकत्र, मोठ्यानं वाचन. बालभारतीच्या ‘किशोर’चे 1971 पासूनचे अंक इंटरनेटवर आहेत, वर्षभर पुरतील. मग गणित आणि लेखन, प्रत्येकाला तुझा स्वतंत्र अर्धा तास, बाकीचे दोघं तेवढ्यात आपापलं काम करतील. ऋषी व्हॅलीच्या त्या शाळांत मूल आपलं कार्ड स्वतः उचलतं आणि संपलं की पुढचं घेतं; तशी जाड कागदाची कार्डं तू मधल्यासाठी बनव. दुपारी नदी, किल्ला, काड्या, जे चालू असेल ते. आणि टाचण ठेव. आम्हाला ते आदल्या दिवशी लिहावं लागायचं, तू संध्याकाळी लिही: आज कोणी काय विचारलं, कोण कुठे अडलं. पुढच्या महिन्यात काय घ्यायचं ते तुला त्या पानांवरून समजेल.

मी मेच्या शेवटी येते आहे. माझ्याकडची गणितपेटी आणि दशक-सुट्यांच्या माळा आणते. मधल्याची तपासणी मीच करीन, त्याला माझ्याशी बोलायला संकोच नाही. थोरलीला म्हणावं, त्या पाणीवाटपाच्या प्रश्नावर मला तिच्याशी बोलायचं आहे, तिनं कात्रणं जमवायला आत्ताच सुरुवात करावी.

तुझी,
मावशी